नोकरी, घर आणि चळवळ : भार कुणाच्या खांद्यावर?

मी सेवानिवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१८ साली, खामगावात मी ज्या महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरीला होतो तिथे एक संशोधक विद्यार्थी आला होता. विद्यापीठ व महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान आणि नोकरी व कुटुंब यांतील समतोल हा त्याच्या पीएच.डी.चा विषय. पोरगा आपल्याच समाजाचा, मोठा नम्र. त्याने चार पानांची प्रश्नावली प्रत्येकाच्या टेबलावर ठेवली. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन. पूर्णतः सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्णतः असहमत. बरोबरची खूण करायची आणि कागद परत द्यायचा.

कार्यालयात वेळ मिळाला नाही म्हणून मी तो कागद घरी आणला. रात्री जेवण झाल्यावर भराभर खुणा केल्या. 'मी माझ्या नोकरीत समाधानी आहे.' पूर्णतः सहमत. 'नोकरी आणि कुटुंब यांत मला समतोल साधता येतो.' पूर्णतः सहमत. 'नोकरीमुळे माझ्या सामाजिक कार्यात अडथळा येत नाही.' पूर्णतः सहमत. पाच मिनिटांत चार पाने संपली.

आमच्या घरच्या बाई समोर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "काय लिवता एवढं?" मी वाचून दाखवले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, हे कागदं तुमालेच इचारतात. मले कोनी इचारलं का कधी?"

मी हसण्यावारी नेले. परंतु ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. आज निवृत्तीला काही वर्षे झाली, हाती वेळ आहे, म्हणून त्या वाक्याचा हिशेब या ठिकाणी मांडत आहे. तो केवळ माझ्या घरचा हिशेब नाही. आपल्या समाजातील प्रत्येक नोकरदार घराचा आहे आणि म्हणूनच तो चळवळीचाही आहे.

समाधानाचे माप कुठून घ्यायचे?

खामगाव हे कापसाचे गाव. इंग्रजांच्या राजवटीत वऱ्हाडातला कापूस मुंबईला नेण्यासाठी १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला. गावात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, व्यापारी आले, पेढ्या आल्या, चांदीचा बाजार नावारूपाला आला. त्या वैभवाच्या इतिहासात जिनात सरकी वेचणाऱ्या बाईचे नाव कुठेही नाही. माझी आई ती बाई होती. मी तान्हा असताना ती मला कुंपणाजवळच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधून त्यात निजवायची आणि आत कामाला जायची. पान्हा फुटला की मुकादमाकडे बघायचे, त्याने मान हलवली तर बाहेर यायचे. कारखान्यात पाळणाघर असावे असे १९४८ चा कारखाने अधिनियम सांगत होता. परंतु जिन हंगामापुरते चालायचे आणि बाया रोजंदारीच्या. कायदा कुंपणाच्या आत कधी आलाच नाही.

त्या बाईचा मुलगा १९८८ साली बिंदूनामावलीतील आपल्या हक्काच्या जागेवर कनिष्ठ लिपिक म्हणून लागला. पहिल्या पगाराच्या दिवशी आई महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत आली. आत येईना. मी हाताला धरून आत आणले आणि माझी खुर्ची दाखवली. ती खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आता सांगा, अशा माणसाने प्रश्नावलीत 'असमाधानी' या चौकोनात खूण कशी करावी?

इथेच खरी मेख आहे. ज्याच्या घरी तीन पिढ्यांपासून नोकरी आहे, तो समाधानाचे माप वरून घेतो. साहेबाचा बंगला, शेजाऱ्याची गाडी, स्वतःची बढती याच्याशी तो तुलना करतो. आपला माणूस खालून माप घेतो. बाभळीच्या झोळीपासून खुर्चीपर्यंतचे अंतर तो मोजतो आणि समाधानी होतो. हे समाधान खोटे नाही. ते बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या सन्मानाचे समाधान आहे. परंतु व्यवस्था त्याचा गैरफायदा घेते. कृतज्ञ माणूस जास्तीचे काम निमूटपणे करतो. सुटीच्या दिवशी बोलावले तर येतो. 'कोट्यातून आला' हे वाक्य कुणी पाठीमागे बोलू नये म्हणून दुसऱ्यापेक्षा एक तास जास्त बसतो. तो एक तास तो कुठून आणतो? स्वतःच्या घरातून आणतो. म्हणजेच कुणाच्या तरी अंगावर टाकून आणतो.

दोन नव्हे, तीन वजने

शहरातील पुस्तके समतोलाची गोष्ट करतात तेव्हा तराजूच्या दोन पारड्यांची गोष्ट करतात. एकात नोकरी, दुसऱ्यात कुटुंब. आपल्या माणसाच्या वाट्याला तिसरे वजनही आहे. ते म्हणजे समाजाचे ऋण.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी वेदना व्यक्त केली, ती आपल्यापैकी प्रत्येक नोकरदाराच्या काळजात रुतलेली आहे. शिकून मोठे झालेले लोक समाजाला विसरले आणि आपलेच पोट भरू लागले, असे ते खंतावून म्हणाले होते. पुढे ६ डिसेंबर १९७८ रोजी कांशीरामजींनी बामसेफची औपचारिक स्थापना केली ती याच विचाराने. नोकरदाराने आपला वेळ, बुद्धी आणि पैसा समाजाला परत द्यावा. मी स्वतः वीस वर्षे रविवार घरी काढला नाही. कधी शेगाव, कधी नांदुरा, कधी चिखली, कधी मेहकर. प्रबोधन शिबिरे, जयंतीच्या बैठका, वर्गणी, वधू-वर परिचय मेळावे. याचा मला अभिमान आहे आणि तो राहील.

परंतु त्या वीस वर्षांच्या रविवारी घरी कोण होते? खामगावात नळ रोज येत नाही; ज्या दिवशी येतो त्या दिवशी भांडी, टाकी, पिंप भरून ठेवायला घरात माणूस लागते. आईला दमा होता, तिला दवाखान्यात नेणारे माणूस लागत होते. पोरांच्या शाळेत पालकसभा असत. बाहेरगावचे कार्यकर्ते रात्री अकराला उतरत आणि मी आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणे, "साहेब आलेत, पोळ्या टाका." ओट्यावर आम्ही समतेवर चर्चा करत होतो आणि आत एक बाई दिवसातला तिसरा स्वयंपाक करत होती. तिला कुणीही बैठकीत बोलावले नाही. ती चळवळीत नव्हती असे आम्ही म्हणायचो. वस्तुतः चळवळ तिच्या चुलीवर शिजत होती!

माझ्या एका चुकीची कबुली

आमच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर एक ताई होत्या. अकोल्याहून रोज अपडाऊन. अत्यंत हुशार, शासन निर्णय तोंडपाठ, बोलणे ठाम. तालुक्याच्या महिला आघाडीची जबाबदारी त्यांनी घ्यावी म्हणून मी दोन-तीनदा त्यांना गळ घातली. त्यांनी दरवेळी "पाहू सर" म्हणून टाळले. पुढे एका बैठकीत मी उभा राहून बोललो, "आपल्या शिकलेल्या बाया पगार घेतात, साड्या घेतात, पण चळवळीला वेळ देत नाहीत." टाळ्या पडल्या.

नंतर एकदा नॅकच्या तयारीसाठी आम्ही सगळे उशिरापर्यंत थांबलो होतो तेव्हा ताईंनी सहज बोलता बोलता आपला दिवस सांगितला. पहाटे पाचला उठणे. सासूबाईंचे पथ्याचे, पोरांचे डब्याचे, नवऱ्याचे आणि स्वतःचे असा स्वयंपाक. पावणेनऊला घर सोडणे. एस.टी. मिळाली तर दहा-सव्वादहाला खामगाव. सायंकाळी पावणेसहाला सुटका, साडेसातला घर. पुन्हा स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, भांडी. साडेदहाला पाठ टेकणे. रविवारी आठवड्याचे धुणे आणि दळण. आणि प्रवेशाच्या, शिष्यवृत्तीच्या, परीक्षेच्या हंगामात तो रविवारही कार्यालयाचा. मी मनातल्या मनात बेरीज केली. पहाटे पाच ते रात्री साडेदहा हे साडेसतरा तास होतात. त्यात चळवळीसाठी जागा कुठे होती? आणि त्याच ताईंचे यजमान मात्र आमच्या संघटनेचे अकोल्यातले धडाडीचे पदाधिकारी होते.

त्या दिवशी मला कळले की मी सभेत जे बोललो ते केवळ चूक नव्हते, अन्यायकारक होते. आपल्या बायांना रस नाही असे नाही. त्यांच्या दिवसात तास उरलेला नाही. तो तास आपण पुरुषांनी घेतलेला आहे.

हे केवळ एका ताईचे उदाहरण नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोक चोवीस तास कसे घालवतात याची पाहणी केली आहे. २०१९ च्या पाहणीत घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाकाठी २९९ मिनिटे इतका वेळ त्यात जात होता आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बाईचे काम दहा मिनिटांनी कमी झाले आणि पुरुषाने त्यातूनही आपली नऊ मिनिटे काढून घेतली! त्यातही ही ८८ मिनिटे जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच. दिवसभरात असे काही काम करणारे पुरुष शंभरात सुमारे सत्तावीसच आहेत.

१९४२ साली नागपुरात काय मागितले होते?

काही मंडळी म्हणतील, हे घरगुती प्रश्न आहेत, यात आंबेडकरवादाचा काय संबंध? त्यांनी आपलाच इतिहास वाचलेला नाही असे नम्रपणे सांगावेसे वाटते.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो स्त्रिया आल्या होत्या. बाबासाहेब स्वतः उपस्थित होते आणि समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे त्यांनी तिथे सांगितले. पत्नी ही नवऱ्याची मैत्रीण असावी, दासी असू नये, हाही त्यांचा आग्रह होता. त्या परिषदेने मंजूर केलेले ठराव आज पुन्हा वाचण्यासारखे आहेत. घटस्फोटाचा हक्क, एकाहून अधिक लग्नांना बंदी हे ठराव तर होतेच. परंतु गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे येथे राबणाऱ्या स्त्रियांना वर्षातून २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई आणि २० वर्षांच्या सेवेनंतर दरमहा किमान १५ रुपये निवृत्तिवेतन मिळावे, अशीही मागणी होती.

विचार करा. ज्या बायांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी रजा आणि पेन्शन मागितली. त्यांनी 'समतोल' हा शब्द वापरला नाही, कारण त्यांना तो शब्द सांगायला कुणी संशोधक आला नव्हता. परंतु काम आणि घर यांची ओढाताण ही नशिबाची गोष्ट नसून कायद्याची गोष्ट आहे, हे त्यांना पक्के कळले होते.

आणि बाबासाहेबांना ते त्याच्याही आधी कळले होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी मांडले की बाळंतपणाच्या काळात आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे. म्हणून त्याचा खर्च मालकाने आणि सरकारनेही उचलला पाहिजे. १९२९ मध्ये तो कायदा झाला. नागपूरच्या परिषदेच्याच महिन्यात, जुलै १९४२ मध्ये, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी कारखाने कायद्यातील दुरुस्ती १९४६ साली झाली, ती त्यांनीच पुढे नेलेल्या कामाचे फळ होते. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य ही राज्याची जबाबदारी म्हणून लिहिली गेली.

आणखी एक गोष्ट आपण शिक्षण क्षेत्रातील लोकांनी विशेष लक्षात ठेवावी. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा वर्ग सकाळी भरवले. का? तर दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब तरुणाला शिकता यावे म्हणून. म्हणजे बाबासाहेबांनी माणसाला वेळापत्रकात कोंबले नाही, माणसाच्या जगण्याप्रमाणे वेळापत्रक बदलले! समतोल म्हणतात तो हाच. आज किती महाविद्यालयांचे व्यवस्थापन आपल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत असा विचार करते?

त्याहीपूर्वी अडीच हजार वर्षांमागे तथागतांनी सिगालाला उपदेश करताना मालकाची पाच कर्तव्ये सांगितली. सेवकाला त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. आपण विहारात सिगालोवाद सुत्त ऐकतो, साधुकार देतो आणि सोमवारी कार्यालयात गेल्यावर रजेचा अर्ज देताना गुन्हेगारासारखे उभे राहतो.

आजची परिस्थिती

आता तिसऱ्या पिढीकडे वळतो. माझी मुलगी एम.ए., सेट उत्तीर्ण आहे. गेली कित्येक वर्षे ती तासिका तत्त्वावर, म्हणजे सगळे ज्याला सीएचबी म्हणतात त्या पद्धतीने शिकवते. एक महाविद्यालय खामगावात, दुसरे तालुक्याबाहेर. जितक्या तासिका घ्याल तितके मानधन. उन्हाळ्याच्या सुट्टीचे नाही, दिवाळीचे नाही, आजारपणाचे नाही. पैसेही दरमहा येतील याची शाश्वती नाही. २०२० मध्ये तिला बाळ झाले तेव्हा रजा कसली, तिच्या तासिकाच दुसऱ्याला दिल्या गेल्या. मार्च २०२३ पासून बायांना एस.टी.चे तिकीट अर्धे झाले याचा तिला आनंद आहे; परंतु तिकीट अर्धे झाले म्हणून रस्त्यावर जाणारा वेळ अर्धा होत नाही.

तिचे बाळ कोण सांभाळते? तिची आई. म्हणजे तीच बाई, जिने माझी नोकरी सांभाळली, माझी चळवळ सांभाळली आणि आता साठीत लेकीचे मानधन सांभाळते आहे. जिनाच्या कुंपणाची बाभळ तोडली गेली, झोळी मात्र घराघरांत टांगलेली आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला ४० तास कामाचे आणि त्यात १६ तास अध्यापनाचे सांगितले आहेत. २०१९ साली आयोगाने अतिथी अध्यापकाला प्रत्येक व्याख्यानाला १५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५० हजार रुपये असे मार्गदर्शक सूत्र दिले. कागदावर हे सगळे छान आहे. परंतु ज्याची नेमणूकच कायम नाही त्याला तास मोजण्याचा हक्क कुठे उरतो? प्रवेश वाढवायला गावोगाव फिरा, परीक्षा घ्या, नॅकच्या फायली करा, नव्या शैक्षणिक धोरणाचे तक्ते भरा आणि मानधन मात्र फक्त तासिकेचे.

शिक्षकेतर कर्मचाऱ्याची कथा वेगळी नाही. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा दिला; शाळा-महाविद्यालयांना मात्र त्यातून वगळले. निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही, त्याचे टेबल शेजारच्याला मिळते. एक माणूस तीन टेबलांचे काम करतो आणि रात्री दहाला मोबाईलवर निरोप येतो, 'उद्या सकाळी माहिती पाठवा.' २० फेब्रुवारी २०२३ पासून राज्यभरातील विद्यापीठ व महाविद्यालयीन शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी बेमुदत संप केला तो हौसेने नव्हे. आश्वासित प्रगती योजना, वेतन आयोगाची थकबाकी, रिक्त जागा हे त्यांचे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातील लाखो कर्मचारी संपावर गेले, कारण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती पेन्शन नाही. मी १९८८ चा म्हणून मला पेन्शन आहे. १९४२ साली नागपुरात निरक्षर बायांनी जे मागितले ते २००५ नंतरच्या पदवीधरांच्या हातून निसटले!

पाळणाघराचेही तसेच. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन २६ आठवड्यांची रजा आली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आले. पुढे ही तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कोणत्या महाविद्यालयाला यातले कोणते कलम कसे लागू पडते यावर वकील मंडळी वाद घालतील, घालोत. परंतु तत्त्व तर मान्य झाले आहे ना? राज्य शासनाने २०१८ साली महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पत्नी हयात नसलेल्या किंवा गंभीर आजाराने अंथरुणाला खिळलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते. हे पाऊल चांगले आहे. परंतु त्यातला अर्थ पाहा. पत्नी धडधाकट असेल तर बाप मूल सांभाळणार नाही, हे शासनाने गृहीत धरलेले आहे!

मागणी दोन दारांवर

म्हणून माझे म्हणणे असे की आपल्याला दोन दारांवर मागणी घेऊन जावे लागेल. एक दार शासनाचे व संस्थेचे. दुसरे दार आपल्या स्वतःच्या घराचे. एकच दार ठोठावून भागणार नाही.

पहिल्या दारावर आपल्या कर्मचारी संघटनांनी पगाराबरोबर वेळेची मागणी केली पाहिजे. रिक्त जागा बिंदूनामावलीनुसार कायम स्वरूपात भरा. तासिका तत्त्वावरील बाईला बाळंतपणात सवेतन रजा द्या आणि परतल्यावर तिच्या तासिका तिला द्या. महाविद्यालयात पाळणाघर काढा. कार्यालयीन वेळेनंतर निरोप पाठवणे बंद करा. यातील एकही मागणी अवास्तव नाही. आपल्या निवेदनांत महागाई भत्ता पहिल्या क्रमांकावर असतो आणि पाळणाघर कुठेच नसते, कारण निवेदन लिहिणारे सगळे पुरुष असतात. मी स्वतः अशी कितीतरी निवेदने टंकलिखित केली आहेत, म्हणून हे सांगण्याचा मला अधिकार आहे.

दुसऱ्या दारावर मात्र निवेदन चालणार नाही, तिथे हात चालवावे लागतील. आपले विद्यापीठ १९८३ साली अमरावतीत स्थापन झाले आणि २००५ साली त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. बाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांना शहाणे करत. दोन्ही कामे एकच माणूस करत होता. बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, २० डिसेंबर १९५६ रोजी, तेही गेले. त्यांच्या नावाच्या विद्यापीठातून पदव्या घेतलेल्या आम्हा पुरुषांना रात्रीचे प्रबोधन तेवढे आवडते. खराटा हाती घ्यायची मात्र लाज वाटते!

चळवळीलाही आपले वेळापत्रक तपासावे लागेल. रात्री नऊला सुरू होऊन बाराला संपणारी बैठक बाईसाठी नसतेच. बैठक दिवसा घ्या, दोन तासांत संपवा, पोरांना सोबत आणू द्या, चहा पुरुषांनी करावा. आणि एक सूचना मला कळकळीने करायची आहे. आपल्या वस्त्यावस्त्यांतून लोकवर्गणीने विहारे उभी राहिली. रविवारी सकाळी वंदना होते, पौर्णिमेला कार्यक्रम होतो आणि बाकी दिवस बहुतेक विहारांना कुलूप असते. त्या विहारात सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते सायंकाळी सहा पाळणाघर का चालू नये? वस्तीतील दोन गरजू बायांना त्यातून रोजगार मिळेल, निवृत्त मंडळी देखरेख करतील, पोरांच्या कानावर बुद्धवंदना पडेल आणि शिक्षिका, परिचारिका, लिपिक, मोलकरीण अशा सगळ्या आयांचा जीव शांत राहील. आमच्या वस्तीत मी हा विषय मांडला आहे. काहींनी 'पोरे विहार घाण करतील' असा आक्षेप घेतला. मी म्हटले, घाण केली तर मी झाडीन. निवृत्त माणसाला काम पाहिजेच असते.

त्या संशोधकाची प्रश्नावली मी दुसऱ्या दिवशी परत दिली खरी, परंतु एक बदल करून दिली. समतोलाच्या प्रश्नापुढची खूण खोडली आणि कागदाच्या पाठीमागे लिहिले, 'समतोल मी साधला नाही. तो माझ्या पत्नीने सांभाळला. कृपया तिला विचारावे.' तो पोरगा कागद पाहून गोंधळला. म्हणाला, "सर, याला कोड कसा देऊ? यात पत्नीसाठी रकानाच नाही."

बंधूंनो, रकाना नाही हे खरेच आहे. तो कागदावर कधी येईल ते येवो. आपल्या घरात आणि आपल्या चळवळीत मात्र तो आजपासून असला पाहिजे. अलीकडे पोळ्या मी टाकतो. त्या गोल होत नाहीत. परंतु मागच्या महिन्यात आमच्या घरच्या बाई आयुष्यात पहिल्यांदा महिला मंडळाच्या बैठकीला वेळेवर गेल्या आणि बैठक संपेपर्यंत थांबल्या. परत आल्यावर त्यांनी बैठकीत काय काय झाले ते मला तासभर सांगितले. वीस वर्षे मी सांगत होतो, त्या ऐकत होत्या. त्या दिवशी मी ऐकले.

जय भीम!